जुन्या गाड्या विकायला लायसन लागतं काय?

पत्र:

आदरणीय वकीलबाई, नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आयटीआय झाल्यावर उद्यमबागेत कामाला होतो. आता रस्त्याला लागून घराच्या अंगणातच दुचाकीचं गॅरेज टाकलंय. त्यातनंच जुन्या गाड्यांचा धंदा सुरू झाला. चंदगड-गडहिंग्लज भागातल्या एमएच-०९ च्या गाड्या येतात, कधी गोव्याच्या येतात. बेळगावात कॅम्पातल्या जवानांची बदली झाली की त्यांच्याही मिळतात. मालकाकडून नाव बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या, आधारची झेरॉक्स आणि स्टॅम्पवर लिहून घेतो. गिऱ्हाईक मिळालं की गाडी देतो आणि माझं कमिशन ठेवतो. महिन्याला तीन-चार गाड्या जातात.

माझ्या मामांची गाडी मी अशीच बैलहोंगलकडच्या एकाला दिली. त्याने ती नावावर करून घेतलीच नाही. मार्च २०२५ मध्ये त्याच्या भावाने ती चालवताना एका पादचाऱ्याला धडक दिली. आता भरपाईच्या दाव्याची नोटीस मामांच्या नावाने आलीय. गाडी २०२१ च्या दसऱ्याला शोरूममधून घेतलेली. विमा २०२२ मध्येच संपला, पुढे भरला नव्हता. मामी माझ्याशी बोलत नाही.

त्यातच एक जण सांगून गेला की जुन्या गाड्या विकायलाही आता आरटीओचं लायसन लागतं. बाजारात विचारलं तर म्हणतात, ते शोरूमवाल्यांना. कोल्हापूरच्या एका मित्राकडे लायसन आहे, तो म्हणतो माझ्या नावावर कर. वडील म्हणतात कागदाच्या भानगडीतच पडू नको. मी फक्त मधला माणूस आहे. मला लायसन लागेल काय? मामांचं काय करू? आत्ता अंगणात चार गाड्या उभ्या आहेत.

– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर:

नमस्कार. लायसनचं सावकाश बघू, त्याला तारीख लागलेली नाही. मामांच्या नोटिशीला लागलेली आहे.

मामा घरात म्हणत असतील, "गाडी विकली, पैसे घेतले, आता माझा काय संबंध?" व्यवहारात ते बरोबर, कायद्यात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. तिथली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिथून चौथ्याकडे गेली होती आणि आरटीओच्या दप्तरात नाव पहिल्याचंच होतं. अपघात झाला चौथ्याच्या हातात. भरपाईची जबाबदारी पहिल्यावर आली. जखमी माणसाने गाडी कुणाकुणाच्या हातातून फिरली याचा शोध घेत बसायचं काय, हा न्यायालयाचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. तुमच्याकडच्या स्टॅम्पपेपरने मामा आणि खरेदीदार यांच्यातला व्यवहार सिद्ध होईल, उद्या खरेदीदाराकडून पैसे वसूल करायलाही तो कामाला येईल. रस्त्यावर पडलेल्या माणसासमोर मात्र तो कागद चालत नाही.

आता तुमच्या पत्रातली दसऱ्याची तारीख. ती तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात मोलाची गोष्ट तीच आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून शोरूममधून निघणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (गाडीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा) एकदम घ्यावा लागतो, चारचाकीला तीन वर्षांचा. त्याच पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपलं की एजंट फोन करतो, "विमा संपला, रिन्यू करा." संपलेला असतो तो एक वर्षाचा भाग. मामांचा २०२२ ला संपला तो बहुतेक हाच. २०२१ च्या दसऱ्याला घेतलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असेल तर २०२६ च्या दसऱ्यापर्यंत चालतो. म्हणजे मार्च २०२५ मध्ये तो चालू होता.

शोरूमने दिलेली मूळ पॉलिसी काढा. प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये पहिल्या सर्व्हिसिंगच्या पुस्तकाबरोबर पडलेली असेल. तिच्यावर दोन वेगवेगळे कालावधी छापलेले असतात, त्यातला थर्ड पार्टीचा बघा. कागद सापडला नाही तर गाडीचा नंबर देऊन शोरूममधून किंवा कंपनीकडून प्रत मागा. गाडी विकली म्हणून हा विमा मरत नाही. कलम १५७ नुसार गाडी दुसऱ्याकडे गेली की थर्ड पार्टीपुरती पॉलिसी त्याच्या नावे गेली असं धरलं जातं. घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. त्याने कळवलं नाही हे कारण पुढे करून कंपनीला जखमीच्या बाबतीत हात झटकता येत नाहीत.

नोटिशीत प्रतिवादी म्हणून कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. विमा कंपनीचं नाव नसेल तर मामांच्या वकिलांनी पॉलिसी हजर करून कंपनीला आणि खरेदीदाराला दाव्यात ओढायचा अर्ज द्यायचा. पोलिसांनी विचारलं तर चालवणारा कोण होता हे मामांनी स्पष्ट सांगायचं. कलम १३३ प्रमाणे मालकाला ते सांगावंच लागतं, भिडेखातर गप्प राहू नये. चालवणाऱ्या भावाकडे लायसन होतं का, हेही लगेच माहीत करून घ्या. ते नसेल तर कंपनी न्यायाधिकरणात तोच मुद्दा धरून बसेल आणि जखमीला पैसे देऊन पुढे वसुलीसाठी मामांच्या दारात येऊ शकते.

एक गोष्ट दरडावून सांगते. कुणीतरी तुम्हाला सुचवेल की फॉर्म २९ वर मागची तारीख टाकू, डिलिव्हरी नोट नवी करू. करू नका. स्टॅम्प कधी विकत घेतला याची नोंद असते, फोनमध्ये पैसे आल्याची तारीख असते, आणि उलटतपासणीत असला कागद उघडा पडायला दहा मिनिटं पुरतात. खऱ्या कागदांवर मामांची बाजू चांगली आहे. खोटा कागद जोडलात तर ती बुडेल आणि तुम्ही फौजदारीत अडकाल. तुम्ही या व्यवहाराचे साक्षीदार आहात. गाडी कधी, कुणाच्या ताब्यात दिली, पैसे कसे आले, त्याला नावावर करून घे म्हणून किती वेळा मेसेज केले, हे फोनमधून काढून वकिलांकडे द्या. फोन बदलणार असाल तर आधी हे काम करा.

आता तुमचा मूळ प्रश्न.

बाजारातली माणसं अर्धं खरं सांगतात. शोरूमला लागतं ते ट्रेड सर्टिफिकेट. नोंदणी न झालेली नवी गाडी रस्त्यावर काढता यावी म्हणून ते असतं, आणि जुन्या गाडीशी त्याचा संबंध नाही. ही व्यवस्था जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली, म्हणून बाजार तिथेच थांबलाय. पण डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांमध्ये ५५ए पासून ५५एच पर्यंत नवे नियम घातले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या, गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असं ते सांगतात. अर्ज फॉर्म २९ए मध्ये, अधिकारपत्र मिळतं २९बी मध्ये, मुदत पाच वर्षं. लोक त्याला लायसन म्हणतात, म्हणू द्या. खानापूरला तुमचं कार्यालय बेळगाव आरटीओ, केए-२२. नियम देशभरचा आहे, त्यामुळे "हे कर्नाटकाचं नवीन काहीतरी" किंवा "महाराष्ट्रात लागत नाही" असं कुणी म्हणालं तर कानामागे टाका.

"मी फक्त मधला माणूस" असं तुम्ही लिहिलंय. हा कायदा आलाच मुळी मधल्या माणसासाठी. मालक किल्ली देतो त्या दिवसापासून नव्या माणसाचं नाव आरसीवर चढेपर्यंत, त्या मधल्या दिवसांत, गाडी कुणाची? आजवर कुणाचीच नसायची. कागदावर जुन्या मालकाची, अंगणात तुमची, आणि चाचणीला म्हणून नेलेली गाडी कुठल्या जत्रेत फिरतेय हे देवालाच ठाऊक. चलन आलं की जुन्या मालकाच्या फोनवर. अपघात झाला की तुमच्या मामांच्या दारात नोटीस. नवे नियम या मधल्या दिवसांना मालक देतात. अधिकारपत्र असलेला व्यापारी गाडी ताब्यात घेतो तेव्हा मालक आणि तो मिळून फॉर्म २९सी मध्ये तसं आरटीओला पोर्टलवरून कळवतात. तिथून पुढे गाडीचा मालक व्यापारी आहे असं मानलं जातं, जबाबदारीही त्याचीच. विकणारा त्या दिवशी मोकळा होतो.

म्हणजे तुमच्यावर ओझं येतं, हे लपवत नाही. पण बदल्यात हातात अधिकारही येतात. ताब्यातल्या गाडीची आरसी किंवा फिटनेस रिन्यू करणं, हरवलेल्या आरसीची दुसरी प्रत काढणं, एनओसी मागणं, नाव बदलायचा अर्ज करणं, हे सगळं अधिकृत व्यापारी स्वतः करू शकतो. आज तुम्ही काय करता? जवानाची गाडी घेता, तो बदलीवर जातो, आणि चार महिन्यांनी गिऱ्हाईक आलं की त्याला फोन लावता. फोन लागत नाही. लागला तरी नाव बदलताना ओटीपी त्याच्या मोबाईलवर जाणार आणि तो असणार कुठल्या तरी बर्फातल्या पोस्टवर. सही करून ठेवलेला कोरा २९-३० हा तुमच्या धंद्याचा पाया आहे आणि तो पाया भुसभुशीत आहे. आधी सही, नंतर तारीख, नंतर नाव, असा फॉर्म मला कुणी आणून दाखवला की मी पहिल्यांदा विचारते, "हा माणूस जिवंत आहे ना?" हसू नका. मालक वारला की तो सही केलेला फॉर्म कामाचा उरत नाही. मग वारसांनी तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर घ्यावी लागते. पंधरा हजारांच्या गाडीसाठी तीन भावांच्या सह्या कोण गोळा करणार?

अधिकारपत्राबरोबर दोन शिस्ती येतात. पहिली, ताब्यातली गाडी रस्त्यावर काढायची ती गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला, दुरुस्तीला, रंगकामाला, तपासणीला. सौंदत्तीच्या जत्रेला नाही आणि धाकट्या भावाच्या कॉलेजलाही नाही. दुसरी, प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये: कशासाठी काढली, कुणी चालवली, किती वाजता, किती किलोमीटर. सुरुवातीला कटकट वाटेल. पण समजा तुमच्या गाडीचं चलन आलं किंवा कुठे ओरखडा निघाला, तर त्या वेळी ती कुणाच्या बुडाखाली होती हे दाखवायला तीच वही लागेल.

अर्जासाठी पोर्टलवर जायच्या आधी जागेचा कागद नीट करा. माझ्या अनुभवात खेड्यातला माणूस अडतो तो इथेच, गाड्यांच्या कागदात नाही. अंगण गावठाणातलं असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा, म्हणजे मिळकतीचा, उतारा काढा. रस्त्याला लागून म्हणता, म्हणजे ती शेतजमीन असली तर पहाणीवर (म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर) तुमचं किंवा वडिलांचं नाव आहे का, एनए झालीय का, हे आधी बघा. जागा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र किंवा साधा भाडेकरार लागेल. (कागदाच्या भानगडीत पडू नको म्हणणाऱ्या वडिलांकडूनच पहिला कागद घ्यायचाय, तेव्हा जरा गोडीत घ्या.) पंचायतीचा धंद्याचा परवाना काढा, दुकान व आस्थापना कायद्याखाली नोंदणी करा. गॅरेजसाठी हे आधीच केलं असेल तर उत्तम. केलं नसेल, आणि बहुधा नसेलच, तर दोन्ही धंदे लिहून एकदमच करून टाका.

कार्यालयातले बरेच कागद कन्नडमध्ये येतील. बोलण्यापुरतं कन्नड आपल्याला येतं, पण हमीपत्रातली वाक्यं वेगळी असतात. वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, मग समोरचा एजंट कितीही घाई करो. पाटी करताना कर्नाटकाच्या कन्नड भाषेच्या कायद्यातली २०२४ मधली दुरुस्ती लक्षात ठेवा: फलकाचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये, तोही वरच्या बाजूला. राहिलेल्या जागेत मराठी लिहा. भाषेचा वाद ज्याला करायचा त्याने तो त्याच्या व्यासपीठावर करावा. तुम्हाला गिऱ्हाईक कारवारकडूनही येणार आहे आणि कोल्हापूरकडूनही.

कोल्हापूरच्या मित्राच्या लायसनवर धंदा? नको. अधिकारपत्र त्या माणसाचं आणि त्या ठिकाणचं असतं. गाडी तुमच्या अंगणात आणि कागदावर मालक कोल्हापुरात, म्हणजे मामांचंच प्रकरण पुन्हा, फक्त नाव वेगळं. तो मित्र भला असेल, पण पहिली नोटीस आली की भलेपण कुठवर टिकतं ते तुम्ही घरातच बघताय.

लायसन घ्यायचं नसेल तर दुसरी वाट आहे, आणि महिन्याला तीन-चारच गाड्या असतील तर ती वाईट नाही. गाडी ताब्यातच घेऊ नका. लग्न जुळवणारा दोन्ही घरं समोरासमोर बसवतो, नवरीला आणून स्वतःच्या घरात ठेवत नाही. तुम्ही गाडी तपासून द्या, किंमत सांगा, दोघांना भेटवा. पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात जाऊ देत, अर्ज दोघांनी मिळून करू देत, आरसीवर नाव चढलं की तुमचं कमिशन घ्या. गाडी तोपर्यंत मालकाच्या दारात. ज्याला हे जमत नाही, ज्याला गाडी विकत घेऊन, रंगवून, टायर बदलून चार पैसे जास्त मिळवायचेत, तो व्यापारी आहे आणि त्याने अधिकारपत्र घ्यावं. आज तुम्ही दोन्हीच्या मधे उभे आहात. नफा व्यापाऱ्याचा घेता आणि विचारलं की मध्यस्थ म्हणून सांगता. तुमच्या हातात गॅरेजचं कसब आहे, म्हणून माझं मत विचाराल तर व्यापारी व्हा. गाड्या नीट करून विकण्यातच तुमची कमाई आहे, नुसत्या ओळखीवर नाही.

जीएसटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण धंदा वाढला की तो येणार. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर कर लागतो तो फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. १६ जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. चाळीस हजाराला घेतलेली गाडी सेहेचाळीसला विकली तर कर सहा हजारांवर, म्हणजे १,०८०. तोट्यात गेली तर काही नाही. उलाढालीवरून नोंदणी कधी करायची ते सीएला विचारा. त्याला दाखवायला प्रत्येक गाडीची खरेदी-विक्री आजपासूनच एका वहीत लिहा.

सीमेवरच्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे एमएच-०९ ची गाडी बेळगावात वर्षानुवर्षं फिरते आणि कुणाला काही वाटत नाही. शिनोळीपलीकडे मेहुण्याचं घर, त्याच्या नावावर गाडी, चालवतो इकडचा. हे घराघरात आहे. पण विकताना राज्य बदलतं. चंदगडच्या माणसाची गाडी बेळगावच्या माणसाच्या नावावर करायची तर आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८ वर. तिथली चलनं भरलेली हवीत, कर्ज असेल तर बँकेचा दाखला हवा. मग इकडे नवा नंबर घ्यायचा अर्ज, फॉर्म २७, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला परतावा मूळ आरटीओकडे मागावा लागतो. तो कोण मागणार आणि कुणाच्या खात्यात येणार, हे किंमत ठरवतानाच बोला, कारण नंतर त्यावरून भांडणं होतात. बाहेरच्या राज्याच्या गाडीला आधी एनओसी, मग पूर्ण पैसे, हा नियम स्वतःला घालून घ्या. विसार दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. किंवा सरळ चंदगडची गाडी चंदगडच्याच गिऱ्हाइकाला जुळवून द्या. नंबर बदलायचा खर्च वाचतो, गाडी स्वस्त पडते आणि तुमचं कमिशन तेवढंच राहतं.

मुदती पाठ असू द्या. विकणाऱ्याने त्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी हे केलंय? मागच्या दोन-तीन वर्षांत विकलेल्या सगळ्या गाड्यांचे नंबर काढा आणि परिवहनच्या ॲपवर एकेक टाकून बघा. जिथे अजून जुन्याच मालकाचं नाव दिसतंय, तिथे दोघांना फोन करा. हे काम लाजिरवाणं वाटेल, शिव्याही पडतील, तरी पुढची नोटीस यायच्या आधी करा.

चोरीच्या गाडीबद्दल दोनच वाक्यं. घेताना चेसी नंबर डोळ्यांनी बघा, नुसता आरसीवरचा वाचू नका. तुम्ही मेकॅनिक आहात, घासून पुन्हा मारलेला नंबर तुमच्या हाताला लगेच कळेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बाजारभावाच्या निम्म्यात गाडी घेतली तर "मला ठाऊक नव्हतं" हे पटवणं फार अवघड जातं.

राहिल्या अंगणातल्या चार गाड्या. अधिकारपत्र हाती येईपर्यंत नवी एकही घेऊ नका. या चारांना कुलूप लावा आणि किल्ल्या घरात ठेवा, चाचणीलाही देऊ नका. प्रत्येकीच्या मालकाला बोलवा. इथलीच केए-२२ ची असेल आणि मालक हाताशी असेल, तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याच्याच दारात नेऊन ठेवू दे. एमएच-०९ ची असेल तर मालकाला एनओसीचा अर्ज करायला लावा. तोपर्यंत गाडी त्याच्याकडे आणि तुमचा विसार त्याच्याकडे जमा, तसं त्याच्याकडून लिहून घ्या. जवानाची असेल तर तो बदलीवर निघायच्या आधी आरटीओतलं काम उरका, रजेवर आल्यावर करू म्हणाला तर गाडी परत करा. आणि एखादीवर कर्जाचा बोजा निघाला तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मालकाने आणल्याशिवाय गिऱ्हाइकाला ती दाखवूही नका. पंधरा दिवसांत आणले नाहीत तर गाडी त्याच्या दारात लावा आणि विसार परत मागा.